बैलाच्या पैशातलं ड्रिल

आमच्या वडिलांनी आयुष्यात एकही बैल चुकीचा घेतला नाही, आणि नेमक्या याच गुणामुळे माझं ड्रिल घ्यायला त्यांना सोलापूरला न्यावं लागलं.

तामलवाडीच्या रस्त्यावर उतरून आत चालत गेलं की आमचं गाव. निजामाचं राज्य जाऊन बरीच वर्षं झाली होती. आम्ही हैदराबादचे होतो ते मुंबईचे झालो, मुंबईचे होतो ते महाराष्ट्राचे झालो, पण रात्री घरात जळायची ती रॉकेलची चिमणीच. मग एका उन्हाळ्यात विजेचे खांब आले. खांब आले म्हणजे वीज आली असं धरून गावानं नारळ फोडला, आणि मी सोलापुरातलं शिकणं आटोपून घरी आलो. तिथं एका उस्तादाच्या हाताखाली घरात वायरी फिरवायचं काम शिकलो होतो. आता सगळं गाव माझंच, असा माझा हिशेब होता.

हिशेबात दगड धरायचा राहिला होता. आमच्याकडची घरं खाली काळ्या दगडाची आणि वर पांढऱ्या मातीची. वायर न्यायची तर भिंतीला लाकडी पट्टी मारावी लागते, पट्टीला स्क्रू लागतो, स्क्रूला लाकडाची गुट्टी लागते आणि गुट्टीला भोक लागतं. छिन्नी-हातोडी घेऊन पहिल्या घरात बसलो. न्याहारीला बसलेल्या घरमालकाचं जेवण झालं, झोप झाली, शेळ्या घरी आल्या, तरी माझं पहिलं भोक बोटाच्या पेरात मावेल एवढंच. घरमालक भला माणूस. म्हणाला, "राहू द्या. आमच्या नातवाच्या लग्नापतूर व्हईल." मी चिडून घरी आलो आणि वडिलांना सांगितलं की ठोकत ठोकत फिरणारं विजेचं ड्रिल घेतल्याशिवाय या गावात धंदा होणार नाही.

वडील लगेच नाही म्हणाले नाहीत. ते कधीच लगेच नाही म्हणत नसत. आधी तंबाखू मळत. गोठ्यात बैलजोडी होती. रान बेताचं, आणि मी औताला हात लावत नव्हतो. शेजारच्या बांधावरच्या चाचांकडे एकच बैल उरला होता. दोघांनी सावड केली, म्हणजे तुझा एक आणि माझा एक अशी जोडी करून दोन्हीकडची रानं वाहायची. आमचा एक बैल विकायचा ठरला. पैसे माझ्यापुढं ठेवून वडिलांनी अट सांगितली.

"बैलाच्या पैशात बैल येत असतो. येत्या पोळ्याला गोठ्यात त्याच्या जागी त्येच्याएवढं वझं वढणारं काय तरी दिसलं पाहिजे. दिसलं तर तू तुझा धंदा कर. न्हाय दिसलं तर मशीन इकायचं, बैल आणायचा, आन् त्येच्यामागं तू चालायचं."

"बरं," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? औतामागं चालायच्या कल्पनेनंच माझ्या पायात गोळे येत.

"आन् मशीन म्या बघून घेणार," ते म्हणाले.

"आबा, तुम्हाला मशीनमधलं काय कळतंय?"

"तुला बैलातलं कळत होतं का? तरी दूध-भाकर खाल्लीसच की."

बैल दूध देत नाही एवढं सांगायची सोय होती, पण त्यानं अट बदलली नसती.

सोलापूरला जायच्या दिवशी वडिलांच्या खांद्यावर पोतं होतं आणि पोत्यात दगड. आमच्या परड्याच्या भिंतीतला काळा दगड, चांगला कलिंगडाएवढा. बरोबर चाचा. बैलबाजारात चाचांची दलाली चालायची आणि त्यांच्याशिवाय वडिलांनी कधी सौदा केला नव्हता, म्हणून तेही आले, धुतलेली लुंगी नेसून आणि खांद्यावर उपरणं टाकून. एस.टी.त कंडक्टरनं पोतं दाबून पाहिलं.

"काय हाय ह्यात?"

"दगड," वडील म्हणाले.

"सोलापुरात दगड न्हाईत का मामा?"

"हैत की. पण ते आमच्या रानातलं न्हाईत. जनावराला ज्या रानात राबायचंय, त्याच रानात चालवून बघावं."

कंडक्टरनं दगडाचं लगेजचं तिकीट फाडलं. मी खिडकीतून बाहेर बघत बसलो आणि हे दोघं माझ्या ओळखीचे नाहीत असं दाखवायचा प्रयत्न केला. पण चाचांनी मला मोठ्यानं हाक मारून शेंगदाणे दिले.

दुकान उस्तादानंच सांगितलेलं होतं. काउंटरमागं मालक, माझ्याहून थोडा मोठा, इस्त्रीचा शर्ट घातलेला. त्याच्या मागं गादीवर त्याचे म्हातारे वडील, डोळे मिटून बसलेले. मालकानं तीन मशीनं पुढं ठेवली. एक कोरं विलायती. त्याची किंमत ऐकून चाचांनी त्याला लांबूनच सलाम केला. दुसरं कोरंच पण देशी, हलकं, निळ्या रंगाचं, हातात धरलं की आपण कोणीतरी आहोत असं वाटायला लावणारं. ते नुसतं फिरायचं, ठोकायचं नाही. तिसरं वापरलेलं, विलायती, जड, कुशीत पोचा पडलेला. ते फिरायचं आणि ठोकायचंही. आता जो माणूस दगडाला भोक पाडायला निघाला आहे त्यानं तिसरंच घ्यावं हे शेंबडं पोरही सांगेल. पण मी तेव्हा बावीस-तेवीसचा होतो आणि निळा रंग मला फार आवडला होता. "हेच घेऊ," मी म्हणालो.

वडिलांनी माझ्याकडे लक्षच दिलं नाही. त्यांनी निळं मशीन उचललं आणि बोटानं पुसून बोट नाकाशी नेलं.

"तेल लावलंय," ते चाचांना म्हणाले.

"व्हय. शिंगाला तेल आन् वयाला झाकण," चाचा म्हणाले.

"अहो, गंजू नये म्हणून लावतात," मालक म्हणाला.

"तसंच म्हनत असतेत," वडील म्हणाले आणि निळं मशीन बाजूला सरकवलं. माझा जीव तिथंच हळहळला.

मग ते पोच्याचं मशीन हातात घेऊन खाली बसले. बैल बघतात तसं त्यांनी ते सगळ्या अंगानं पाहिलं. पाठीवरून हात फिरवला. पोटाखालून बघितलं. हवा जायला ज्या भेगा असतात त्यात फुंकर मारून आतली धूळ पाहिली आणि "दमेकरी न्हाय," असं म्हणाले. वळसेदार भोवरा कुठं आहे का ते शोधलं. अंगावर भोवरा चुकीच्या जागी असला तर बैल घरधन्याला खातो. नशीब माझं, ड्रिलला भोवरा नव्हता. मग जिथं पातं घट्ट धरतात त्या तोंडात त्यांनी बोट घातलं आणि दचकून चाचांकडे पाहिलं.

"तीन दाती हाय."

चाचांनी स्वतः बोट घालून खात्री केली. बैलाला पक्के दात जोडीनं येतात; दोन दाती, चार दाती, सहा दाती. तीन दाती जनावर दोघांनी मिळून साठ-सत्तर वर्षांत पाहिलं नव्हतं. "एक पडला आसंल," चाचा हळूच म्हणाले. मालकानं तीन जबडे मुळातच असतात, सगळ्यांनाच असतात, म्हणून निळ्याचं तोंडही उघडून दाखवलं. त्यावर वडिलांचं मत असं पडलं की जातच तशी असेल, पण मग वय कळणार कसं?

"वय कशाला पाहिजे?" मालक म्हणाला. त्याचा आवाज आता चढायला लागला होता.

वडिलांचा शेवटचा प्रश्न राहिला होता. बैल घेताना ते नेहमी सगळ्यात आधी बघत, तोच आज शेवटी आला होता, कारण त्यांना तो सापडतच नव्हता. मशीन उलटंपालटं करून ते म्हणाले, "ह्येला खांदा कुठाय?"

"खांदा?"

"जू कशावर ठिवायचं? वझं कशावर घेतंय ह्ये? शिंगं, रंग, चाल, सगळं मागून. आधी खांदा बघावा. बिनखांद्याचं जनावर वझं घेणार कसं?"

मालकानं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. चाचा म्हणाले, "गडबड नक्को. जुंपून बघू." आणि पोत्यातून दगड काढून त्यांनी काउंटरवर ठेवला.

त्या दुकानात त्या दिवशी काउंटरची काच फुटली नाही हे आश्चर्यच. दगड आणि मशीन पायरीवर नेलं, मालकानं पातं चढवलं, बटण दाबलं. मशीन किंचाळलं, दगडावर थयथय नाचलं आणि मग आत घुसायला लागलं. रस्त्यावर माणसं जमली. वडील दगडाला कान लावून बसले होते. काळी बारीक पूड त्यांच्या मिशीवर साचत होती. पातं बोटभर आत गेल्यावर त्यांनी हात वर केला, भोकात करंगळी घालून फिरवली आणि चाचांना मान हलवून खूण केली. मी ती खूण लहानपणापासून ओळखत होतो. तिचा अर्थ, हे घ्यायचं, पण चेहऱ्यावर दिसू द्यायचं नाही.

चाचांनी उपरणं उघडून मालकापुढं धरलं. "हात द्या."

बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. उपरण्याखाली हातात हात घेऊन बोटं दाबतात. किती बोटं, कुठल्या पेरावर, त्यावर रक्कम ठरते आणि भोवतालच्यांना पत्ता लागत नाही. इस्त्रीच्या शर्टाला हे ठाऊक नव्हतं. त्याला वाटलं म्हाताऱ्याला उठायला हात हवा आहे. त्यानं हात दिला आणि चाचांनी तो उपरण्याखाली ओढला. मालकाच्या तोंडावर आधी नवल, मग संकोच, मग गुदगुल्या, असे एकामागून एक भाव आले. सुटायच्या खटपटीत त्यानं चाचांची बोटं घट्ट आवळली. चाचांनी उपरणं झटकलं.

"मंजूर. दिलं यांनी."

"काय दिलं?"

"आता फिरता येत न्हाय. बाजाराचा कायदा हाय," वडील म्हणाले.

मालकाचा संयम इथं संपला. त्यानं आम्हाला जायला सांगितलं, दगडासकट. पण तेवढ्यात गादीवरच्या म्हाताऱ्यानं डोळे उघडले. तो अक्कलकोटकडचा, जन्म शेतात गेलेला, आणि मुलानं शहरात आणून गादीवर बसवल्यापासून त्याला कोणी काही विचारलेलं नसावं. तो उठून आला, मुलाला बाजूला केलं आणि उपरण्याखाली स्वतःचा हात घातला. दोघं म्हातारे एकमेकांच्या डोळ्यात बघत उभे राहिले. चाचांच्या कपाळाला घाम आला. बऱ्याच वेळानं उपरणं झटकलं गेलं तेव्हा दोघंही हसत होते. किंमत बैलाच्या पैशात बसली, एस.टी.चं भाडं धरूनही वर थोडे उरले. मालकाला भाव आम्ही गेल्यावरच कळला असणार.

मी मशीन उचललं. "थांब," वडील म्हणाले. ते मशीनच्या वायरीकडे बघत होते.

"दावं त्यांचं हाय. सोडून दे."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. बैल विकताना धनी बैल देतो, दावं देत नाही. दावं दिलं तर दावणीची लक्ष्मी जाते. घेणाराही ते मागत नाही, नवं दावं घेऊन येतो. जुन्या दाव्यानं आणलेलं जनावर जुन्या गोठ्याकडे ओढ घेतं. आमचा बैल गेला तेव्हाही त्याचं दावं मागं ठेवलेलं, खुंटीला लटकत होतं. हे सगळं मला माहीत होतं. पण विजेच्या मशीनची वायर.

"आबा, वायरीशिवाय हे चालत नाही. हे वायरीचंच मशीन आहे."

"बैल तरी दाव्याबिगर कुठं चालतोय? म्हनून नवं घ्यायचं."

मी दुकानातल्या म्हाताऱ्याकडे आशेनं पाहिलं. तो मान हलवत होता, पण वडिलांच्या बाजूनं. "बरोबर हाय. दावं कसं देणार? माझी दावण उठंल की." आणि त्यानं इस्त्रीच्या शर्टाला वायर काढायला लावली. मालकानं स्क्रू ढिले केले, वायर काढली, तिची गुंडाळी करून म्हाताऱ्याच्या हातात दिली. त्या वेळी आम्ही दोघांनी एकमेकांकडे जसं पाहिलं तसं मी पुढं आयुष्यात कोणाही दुकानदाराकडे पाहिलं नाही. भाऊच भेटला होता.

पुढच्या दुकानात वायर घेतली. किती, तर मी म्हणालो पाच वार पुष्कळ. वडील म्हणाले, "चरायला जागा नगं का?" आणि दोन्ही हात पसरून वाव मोजायला लागले. ते मोजत राहिले, दुकानदार सोडत राहिला. मी एवढाच हट्ट धरला की वायर तीन तारी हवी. मशीनचं अंग लोखंडी, तिसरी तार जमिनीला नसली तर एखाद्या दिवशी मलाच चिकटवून ठेवायचं. जुनी वायर दोन तारीच होती आणि तिच्या कापडाला चिराही पडल्या होत्या, म्हणजे बदलावी लागलीच असती. पण म्हणून वडिलांचं बरोबर होतं असं मी तेव्हा म्हणालो नाही, आणि आजही म्हणणार नाही.

दगड परत आणला. "आपला दगड परगावात कशाला टाकायचा?" कंडक्टर तोच होता. "भोक पाडून आणलं व्हय?" त्यानं विचारलं आणि पुन्हा लगेज फाडलं.

गावात वीज होती ती एकट्या पिठाच्या गिरणीत. बाकी घरांची जोडणी घरात वायरिंग झाल्यावर मिळणार, आणि वायरिंगला भोकं पाडायची तर वीज हवी. हे कोडं वडिलांच्या लांब दाव्यानं सुटलं. गिरणीच्या प्लगात वायर खोवायची आणि ती पोचेल तिथवरची घरं घ्यायची. त्यामुळं गावात नवीच जातपात सुरू झाली, दाव्यातली घरं आणि दाव्याबाहेरची. दाव्याबाहेरचे माझ्यावर रुसले. दळण संपलं की गिरणीवाला खटका ओढून घरी जाई आणि माझं मशीन भिंतीत अडकून मुकं होई. म्हणून दाव्यातल्या बायका नसलेलं दळण काढून गिरणीत पाठवायला लागल्या. एका घरी मी चुकून दगडाच्या वरच्या पांढऱ्या मातीत ठोकणी चालवली, तर देवांसकट कोनाडा माझ्या मांडीवर आला. लोकांनी मशीनला नाव ठेवलं भुंगा. "बैल इकून भुंगा घेतला," असं पारावर चालायचं आणि वडील ते ऐकून गप्प बसायचे. पोळा जवळ येत होता. गप्प बसलेल्या वडिलांची मला जास्त भीती वाटायची.

पण ते रोज यायचे. रानातून आले की वायर हातात धरून गल्लीत उभे राहायचे, म्हशींनी तुडवू नये म्हणून. मी पुढं सरकलो की ढील द्यायचे, मागं आलो की ओढून घ्यायचे. मशीन जड होतं; ते दगडात घुसायला अंगानं रेटावं लागे आणि छताजवळची भोकं पाडताना त्याचा सगळा भार उजव्या खांद्यावर येई. थोड्याच दिवसांत खांदा सुजला, वरची कातडी सोलवटली. मी घरात सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बैल आणायचं निमित्त मिळालं असतं.

आमचं घर दाव्याबाहेरच होतं, गिरणीपासून लांब, गावाच्या दुसऱ्या टोकाला. साऱ्या गावाला दिवे लावायला निघालेल्याच्या घरात दिव्याखाली अंधार. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी चिमणी लावून वडील गोठ्यात गेले. त्या दिवशी खांदमळणी असते. वर्षभर जू वाहिलेल्या बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळायची आणि त्याला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं बोलावणं करायचं. गोठ्यात एकच बैल उभा होता. त्याच्या शेजारची जागा झाडून ठेवलेली होती. मी मशीन पुसून, वायर गुंडाळून त्या जागी आणून ठेवलं आणि बाजूला उभा राहिलो. अटीचा दिवस होता.

वडिलांनी बैलाचा खांदा चोळला. सावकाश, दोन्ही तळव्यांनी. त्याच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाया या." मग मशीनकडे वळले. खाली वाकून बघितलं. आता याच्यावर तूप चोपडणार आणि सगळं तूप भेगांतून आत जाणार, या विचारानं मी पुढं झालो.

"ह्येला नगं," ते म्हणाले. "ह्ये हत्यार हाय. ह्येचा मान दसऱ्याला."

मला वाटलं, संपलं. बैल येणार.

"सदरा काढ," ते म्हणाले.

मी काढला. चिमणी उचलून त्यांनी माझ्या उजव्या खांद्याजवळ धरली आणि बराच वेळ बघत राहिले, बैलबाजारात बघत तसे.

"खांदा आलाय. दुखतंय?"

"न्हाय," मी म्हणालो.

"बैल खोटं बोलत न्हाय," ते म्हणाले आणि वाटीतल्या उरलेल्या तुपाचा हात माझ्या खांद्यावर ठेवला. हळद सोललेल्या कातडीला झोंबली. त्यांचा तळवा खरखरीत होता आणि त्याला बैलाचा वास होता. मला रडू येत होतं आणि ते झोंबण्यावर ढकलता येत होतं, एवढी सोय होती. चोळून झाल्यावर ते माझ्या कानाशी वाकले. जन्मात कधी त्यांनी मला अहो-जाहो केलं नव्हतं.

"आज आवतन घ्या, उद्या जेवाया या."

दुसऱ्या दिवशी सकाळीच गिरणीमागच्या घरातून माणूस आला. दोन भोकं राहिली होती, तेवढी पाडून द्या म्हणाला. मी मशीन उचलायला उठलो. वडील दारात बसून बैलाची शिंगं रंगवत होते. त्यांनी मान वर न करताच त्याला वाटेला लावलं.

"आज पोळा हाय," ते म्हणाले. "आज त्याला जुंपत न्हाईत."